मुंगळ्याचा डोळा: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

विषय पक्का झाला. मॅडमनी तीन विषय पुढे ठेवले होते: तलावातले प्लवंग, डाळिंबावरचे फुलकिडे आणि 'कीटकांचं आकारमान व ज्ञानेंद्रियं'. पहिल्या दोन्हींवर वर्गातल्यांच्या उड्या पडल्या. तिसरा आमच्या वाट्याला आला. श्रीशैल म्हणाला, "काय बे, आता मुंग्यांना चष्मे लावायचे का?"

प्रश्न खरं तर सरळ आहे. कीटक लहान झाला की त्याचे डोळे, मिशा, कान त्याच हिशेबाने लहान होतात का? आणि झाले तर काम तेवढंच करतात का? वेगवेगळ्या जातींचे कीटक घेतले तर सवयींचा घोळ होतो. एक दिवसा उडतो, एक रात्री, एक नुसता जमिनीत राहतो. म्हणून एकाच जातीत लहानमोठे आकार असलेला प्राणी हवा होता. मॅडम म्हणाल्या, "मुंगळा घ्या. फुकट आहे."

काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. एकाच वारुळात छोट्या कामकऱ्यांपासून भल्यामोठ्या डोक्याच्या कामकऱ्यांपर्यंत सगळे आकार सापडतात. लहानपणी आम्हाला वाटायचं, लहान ती मुंगी आणि मोठा तो मुंगळा, म्हणजे बाई आणि बुवा. व्याकरणाने मुंगळ्याला पुल्लिंगात बसवलं असलं तरी रांगेत चालणारा प्रत्येक मुंगळा मादी असतो. नर पंखवाले, फक्त मीलनाच्या काळापुरते. हे घरी सांगितल्यावर आईने लगेच पुढचं वाक्य टाकलं, "म्हणजे इथंही कामाला बायकाच."

९ जानेवारी, गुरुवार

सोलापूरच्या कंबर तलावाच्या काठच्या बाभळी. सकाळी साडेसात ते दहा. बाभळीच्या कोवळ्या फांद्यांवर रस शोषणारे किडे बसलेले आणि त्यांच्या गोड थेंबांसाठी मुंगळ्यांची वर-खाली ये-जा. छोटे आणि मध्यम पटापट मिळाले. मोठे मात्र फांद्यांवर जवळजवळ नाहीतच. ते बुंध्याशी, बिळाच्या तोंडाजवळ. गुळाचा खडा ठेवला, त्यावरही छोटेच आले. शेवटी बिळाजवळ काडी फिरवली तेव्हा चार मोठे बाहेर पडले. त्यातल्या एकाने श्रीशैलच्या अंगठ्याला जी मिठी मारली, ती डोकं तुटलं तरी सुटली नाही. मुंगळ्याला नांगी नसते. तो चावतो आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतो, म्हणून आग होते. ते तुटलेलं डोकं वाया घालवलं नाही, नमुना क्र. ७.

डब्या घरी आणून फ्रीझरमध्ये ठेवल्या. आईने बर्फाच्या ट्रेशेजारी मुंगळे बघितले. पुढचं लिहीत नाही.

१३ ते १६ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. शहर बंद, आम्हीही बंद. चुलतभाऊ नंदीध्वजाला खांदा देणाऱ्यांत होता, त्यामुळे घरात दुसरा विषयच नव्हता.

१८ जानेवारी, शनिवार

आज डोळ्याचा ठसा घ्यायचा प्रयत्न. मुंगळ्याचा डोळा फुगीर असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली सगळे पैलू एकदम फोकसमध्ये येत नाहीत. म्हणून डोळ्यावर नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळल्यावर चिमट्याने सोलायचा आणि ती खपली काचपट्टीवर सपाट करून बघायची. प्रत्येक नेत्रिकेच्या, म्हणजे मोठ्या डोळ्यातल्या एकेका बारीक डोळ्याच्या, भिंगाचा साचा त्यात उमटतो. युक्ती जुनी आहे आणि खरंच चालते. फक्त नेलपॉलिश बिनरंगी लागतं.

ताईने दिलेल्या बाटलीत बारीक चमकी होती. ते आम्हाला काचपट्टीवर कळलं. षट्कोनी पैलू म्हणून आम्ही वीस मिनिटं जे मोजत होतो, ती चमकी होती! तीही मेली षट्कोनीच निघाली.

दुपारी नवी पेठेतून साधं पारदर्शक पॉलिश आणलं. चौथ्या प्रयत्नात पहिला खरा ठसा मिळाला. खपली वाटीसारखी गोल असते. काचपट्टीवर दाबली की कडेला सुरकुत्या पडतात. कडेने तीन-चार बारीक चिरा दिल्या की पाकळ्यांसारखी उघडून सपाट बसते. पाणी घालायचं नाही, कोरडीच ठेवून वर कव्हरस्लिप. दिवा थोडा मंद केला आणि एकदम पूर्ण डोळा समोर आला, मधमाशीच्या पोळ्याच्या तुकड्यासारखा, रांगेला रांग लागून. कितीतरी वेळ आम्ही मोजलंच नाही, नुसतं बघत होतो.

२४ जानेवारी, शुक्रवार

चूक. वहीत स्पष्ट लिहून ठेवतो.

आमच्या सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगात शंभर घरांची पट्टी आहे. ४एक्स वस्तुभिंगाखाली एक घर म्हणजे २५ मायक्रोमीटर, १०एक्सखाली १०, ४०एक्सखाली अडीच. काल मी अकरा मुंगळ्यांच्या डोळ्यांची लांबी १०एक्सवर घेतली आणि श्रीशैलने ती ४एक्सच्या हिशेबाने वहीत उतरवली. तुझंच चुकलं म्हणून आम्ही दोघं एकमेकांवर ओरडलो, पण चूक माझी. कुठलं भिंग वापरलं तो रकानाच मी आखला नव्हता.

पकडलं कसं? एका छोट्या मुंगळ्याचं डोकं दीड मिलिमीटर रुंद आणि डोळा एक मिलिमीटरहून लांब, असं निघालं. दोन्ही बाजूंना असे डोळे बसवले तर मधे डोक्याला जागाच उरत नाही. अकराही पुन्हा मोजले. त्या मुंगळ्याचा डोळा ०.४२ मिलिमीटर निघाला.

दुसरी अडचण मोठ्यांची. ४एक्सवर शंभर घरं म्हणजे अडीच मिलिमीटर, आणि मोठ्या मुंगळ्याचं डोकं पट्टीत मावतच नाही. त्यांची डोकी वर्नियरने मोजायची ठरली. दोन साधनं वापरली की दोन प्रकारच्या चुका येतात. म्हणून दहा मध्यम डोकी दोन्हींनी मोजून ताळा घेतला.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मोजणी नाही, वाचन. आपल्या डोळ्यात एकच भिंग आणि मागे पडदा. कीटकाच्या संयुक्त नेत्रात शेकडो ते हजारो नेत्रिका असतात. प्रत्येकीला स्वतःचं भिंग आणि प्रत्येकीचा चित्रात एक ठिपका. फळमाशीच्या एका डोळ्यात साधारण साडेसातशे, कामकरी मधमाशीच्या साडेपाच हजारांच्या आसपास, मोठ्या चतुराच्या डोळ्यात तीस हजारांपर्यंत. मग लहान कीटकाने नेत्रिका तितक्याच ठेवून प्रत्येक भिंग बारीक का करू नये? मी हाच प्रश्न जेवताना मोठ्याने विचारला.

बाबांनी तीस वर्षं जकार्डच्या मागावर चादरी विणल्या. ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "हे आमचंच दुखणं आहे. चादरीचा पन्हा ठरलेला. मोराची मान गोल दिसायला पाहिजे तर धागे वाढवायला लागतात, नाहीतर मान पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. पन्हा तोच ठेवून धागे वाढवायचे तर सूत बारीक लागतं. आणि लई बारीक सूत या मागावर टिकत नाही, तुटतं."

डोळ्यात हे 'सूत तुटणं' म्हणजे विवर्तन. प्रकाश अरुंद भोकातून गेला की फाकतो. भोक जितकं लहान तितका जास्त. अर्ध्या मायक्रोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश २५ मायक्रोमीटरच्या भिंगातून गेला तर ठिपका एक अंशाहून थोडा जास्त पसरतो. हात लांब करून करंगळी डोळ्यासमोर धरली तर तिची रुंदी साधारण एक अंश भरते. म्हणजे मधमाशीच्या आकाराच्या डोळ्यातून माझी करंगळी जेमतेम एक ठिपका. भिंग निम्मं केलं की पसारा दुप्पट. त्यामुळे नेत्रिका बारीक करून काही साधत नाही. ठिपके वाढतात, पण एकमेकांत मिसळतात.

हे गणित होरेस बार्लो यांनी १९५२ मध्ये मुंग्या-माश्या-गांधीलमाश्यांच्या कुळावर ताडून पाहिलं. डोळा मोठा होत गेला की भिंगाची रुंदी डोळ्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. डोळा चौपट रुंद झाला तर भिंग दुप्पट, आणि दृष्टीचा बारकावाही दुप्पटच. चौपट कापड घालून दुप्पट बारीक मोर! माणसाइतकं स्पष्ट दिसणारा संयुक्त नेत्र करायचा तर तो निदान मीटरभर रुंद लागेल, असा हिशेब कुनो किर्शफेल्ड यांनी १९७६ मध्ये मांडला. श्रीशैलने फळ्यावर तसा माणूस काढला. फळा अजून पुसलेला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार, पौर्णिमा

हा भाग प्रकल्पात नाही. मॅडमनी 'अवांतर' म्हणून ठेवायला सांगितलाय.

आमच्या गल्लीमागच्या पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ आहे. रात्री साडेनऊला गच्चीवर, लांबून, दिवा न लावता बसलो. चंद्र वर आल्यावर टाकीच्या बाजूने घुंइइ असा आवाज येत राहिला आणि उजळ आकाशासमोरून अधूनमधून एखादा ठिपका सरकताना दिसला. तासाभरात आम्ही चौदा मोजले. त्यातले किती आग्या माश्यांचे आणि किती पतंग, हे शपथेवर सांगता येणार नाही.

पण आग्या माशी चांदण्यात चारा गोळा करते, हे पक्कं माहीत आहे. आता या माशीची गंमत. आपल्याकडच्या तीन मधमाश्यांत फुलोरी सगळ्यात लहान, सातेरी मधली, आग्या सगळ्यात मोठी. मला वाटलं होतं, मोठी माशी, मोठा डोळा, म्हणजे तिलाच सगळ्यात बारीक दिसणार. हेमा सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या तिघींचे डोळे मोजले, तर बरोबर उलटं निघालं. आग्याच्या नजरेचा बारकावा तिघींत सगळ्यात कमी आणि अंधुक उजेडातली संवेदनक्षमता सगळ्यात जास्त. चिमुकल्या फुलोरीची प्रत्येक नेत्रिका सगळ्यात अरुंद कोनातून बघते, पण तिला उजेड भरपूर लागतो. म्हणजे मोठ्या अंगामुळे मिळालेली जास्तीची जागा आग्याने बारकाव्यावर खर्च केलेली नाही, उजेड गोळा करण्यावर केली आहे. शिवाय तिच्या कपाळावरचे तीन साधे डोळेही मोठे आहेत. तरीही डोळ्यांतला एवढा फरक चांदण्यातल्या उड्डाणाला पुरेसा नाही. बाकीचं काम मेंदू करत असावा, असा त्या मंडळींचा अंदाज.

याच गटाने भीमाशंकरच्या जंगलातल्या एका रात्रिंचर भुंग्याचा, झायलोकोपा ट्रँक्वेबॅरिकाचा, अभ्यास केलाय. तो चंद्र नसलेल्या रात्रीही उडतो आणि ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखतो. त्याच जंगलातला त्याचा भाऊबंद टेन्युइस्कापा अंगाने त्याच्याहून मोठा, पण त्याला इतकी गडद रात्र जमत नाही.

बाबांच्या भाषेत, पन्हा किती मिळाला ते अंगावर ठरतं, पण त्यावर मोर काढायचा की नुसती जाड ऊबदार वीण घालायची, ते गिऱ्हाइकावर. हे वाक्य प्रबंधात घालू का विचारलं. मॅडम हसल्या आणि नाही म्हणाल्या. म्हणून इथं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आलेख. एकूण ४३ मुंगळे. आडव्या अक्षावर डोक्याची रुंदी, उभ्यावर डोळ्याची लांबी, दोन्ही लॉगमध्ये.

सगळ्यात लहान डोकं १.५ मिलिमीटर, डोळा ०.४२. सगळ्यात मोठं डोकं ३.९, डोळा ०.६२. म्हणजे डोकं २.६ पट झालं आणि डोळा जेमतेम दीड पट. रेषेचा चढ ०.४ च्या आसपास येतो. डोळा डोक्याच्याच प्रमाणात वाढला असता तर चढ १ आला असता. अशा असमान वाढीला ज्युलियन हक्सली आणि जॉर्ज टेसिए यांनी १९३६ मध्ये ॲलोमेट्री हा शब्द दिला. शरीराचे भाग एकाच मापाने शिवलेले नसतात, एवढाच अर्थ.

मोठ्या मुंगळ्याचं डोकं बघितलं की कारण दिसतंच. त्या डोक्यात जबड्याचे स्नायू ठासून भरलेले असतात. ते डोकं म्हणजे अडकित्ता आहे, दुर्बीण नव्हे. छोट्याला बाभळीवर चढून, वाट काढून परत यायचं असतं. त्याला इवल्या डोक्यातही कामापुरता डोळा ठेवावाच लागतो.

पैलूंची रुंदी ४०एक्सवर, एका रांगेतले दहा एकत्र मोजून. लहानांत सरासरी ६८ घरं, म्हणजे एक पैलू १७ मायक्रोमीटर. मोठ्यांत ८० घरं, म्हणजे २०. बार्लोंच्या वर्गमुळाने २०.७ यायला हवे होते. मी खूश झालो. मॅडमनी लाल शाईत लिहिलं: 'ठसे फक्त नऊ. लहान डोळ्यांचे ठसे फाटतात, मोठ्यांचे टिकतात. निवड आपोआप झाली आहे. आधी हे लिही, मग खूश हो.'

१ मार्च, शनिवार

मामाकडे, माढ्याला. मामा उसात ट्रायकोकार्ड लावत होता. पोस्टकार्डासारखा कागद, त्यावर चिकटवलेली तांदळाच्या पतंगाची अंडी, आणि त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाच्या गांधीलमाशीच्या कुळातल्या कीटकाची पिल्लं. पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचतात. बाहेर पडलेल्या माद्या खोडकिडीची अंडी शोधून त्यात आपली अंडी घालतात. एक पट्टी मागून आणली.

रात्री भिंगाखाली बघितलं. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, आणि तरी पाय, पंख, मिशा, लालभडक डोळे, सगळं शाबूत. तिच्या युरोपातल्या एका भावंडाच्या डोळ्यात, ट्रायकोग्रामा इव्हॅनेसेन्सच्या, सुमारे १२८ नेत्रिका मोजल्या गेल्यात. प्रत्येक भिंग जेमतेम सहा मायक्रोमीटर, मुंगळ्याच्या भिंगाच्या एकतृतीयांश. वरच्या हिशेबाने प्रत्येक ठिपका पाच अंशांच्या जवळ जातो. हात लांब करून तीन बोटं जुळवून धरावीत, एवढा. एवढ्या धूसर नजरेने ती उसाच्या रानात हिंडते. अंडं शोधायला अर्थात वासही असतोच.

यापुढे मेगाफ्रॅग्मा. हा कीटक दोन दशांश मिलिमीटर, काही एकपेशीय प्राण्यांहूनही लहान. फुलकिड्यांच्या अंड्यांत वाढतो. एका डोळ्यात २९ नेत्रिका, भिंग सुमारे आठ मायक्रोमीटर. म्हणजे ट्रायकोग्रामाहून लहान असूनही त्याचं भिंग मोठं. सूत आणखी बारीक न करता त्याने सरळ धागेच कमी केले. जागा मेंदूतही वाचवलीय. अलेक्सेई पोलिलोव्ह यांनी २०१२ मध्ये दाखवलं की त्याच्या प्रौढ मेंदूतल्या हजारो चेतापेशींपैकी बहुतेकींना केंद्रकच नसतं. मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, "डोकं नसून काम करणारी माणसं आमच्या सोसायटीतपण आहेत."

८ मार्च, शनिवार

मिशा. हा भाग कच्चा राहिला. वास घेणारे केस फार बारीक करता येत नाहीत. आत चेतातंतू जायला हवेत, भिंतीत छिद्रं हवीत. त्यामुळे कीटक लहान झाला की केस लहान होण्यापेक्षा केसांची संख्या कमी होते. युरोपातल्या बंबलबीमध्ये एकाच घरट्यातल्या कामकऱ्यांच्या वजनात दहापट फरक असू शकतो. तिथे मोठ्या माशीच्या मिशीवर वासाचे केस जास्त, आणि तिला फिकट वासही लागतो. तिची नजरही बारीक आणि ती कमी उजेडात बाहेर पडू शकते. योहानेस श्पेथे आणि लार्स चिट्का यांच्या कामात हे आहे. आम्ही मुंगळ्यांच्या मिशांवरचे केस मोजायला बसलो आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कुठला केस वासाचा आणि कुठला स्पर्शाचा तेच ठरेना. दोन दिवस घालवून सोडून दिलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय यात पडू नये, हे पुढच्या बॅचसाठी.

कानांबद्दल श्रीशैलला लिहायचं होतं, ओर्मिया माशीवर. अमेरिका खंडातली ही माशी रातकिड्याच्या आवाजावरून त्याला शोधून त्याच्यावर अळ्या सोडते. तिच्या दोन कानांत अंतर अर्धा मिलिमीटर. आवाज एका कानातून दुसऱ्यात पोचायला सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या जेमतेम दीडपट वेळ. एवढ्याशा फरकावर दिशा कशी कळावी? तिने दोन्ही कानांचे पडदे एका ताठ पट्टीने जोडून घेतलेत. एक दाबला की दुसरा उचलला जातो आणि फरक वाढतो. मॅडम म्हणाल्या, फार छान, पण मुंगळ्याशी काय संबंध? परिच्छेद गेला.

२७ मार्च, गुरुवार

सबमिशन. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी एकच विचारलं: "मोठ्या मुंगळ्याला जास्त दिसतं की कमी?" मी म्हणालो, डोळ्यापुरतं बघितलं तर थोडं जास्त, डोक्याच्या मानाने कमी. आणि प्रत्यक्ष किती दिसतं ते आम्ही तपासलेलं नाही, फक्त भिंगं मोजलीत. ते म्हणाले, "हे शेवटचं वाक्य प्रबंधात कुठाय?" नव्हतं. पेनने लिहून दिलं.

२२ मे, गुरुवार

प्रकल्प संपलाय, तरी वही उघडली. वळवाच्या पावसानंतर अंगणातल्या ट्यूबलाइटखाली पंखवाले जमले होते. त्यात कॅम्पोनोटसचाच एक नर मिळाला. कामकऱ्यांना नसलेले तीन साधे डोळे त्याच्या कपाळावर चमकत होते. डोकं आमच्या सगळ्यात छोट्या कामकऱ्यापेक्षाही अरुंद आणि दोन्ही बाजूंना फुगलेले मोठे संयुक्त डोळे. चावायचं नाही, ओझं वाहायचं नाही. उडताना मादी शोधायची, बस.

आलेखाची जुनी प्रत काढून त्याचा बिंदू पेन्सिलने टाकला. आमच्या रेषेच्या खूप वर, डाव्या कोपऱ्यात, एकटाच. श्रीशैलला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "काय बे, हा नेलपॉलिशवाला डोळा आहे का खरा?"